पिवळा दिवा आणि खिशातला फोन

घरात गाडी आली की तिच्याबरोबर एक पिवळा दिवाही येतो. इंजिनच्या आकाराचे ते छोटेसे चित्र किल्ली फिरवताच पेटते, इंजिन सुरू झाले की विझते आणि पुढे वर्षानुवर्षे आपल्याला त्याची आठवणही होत नाही. मग एखाद्या दिवशी ते पेटते आणि विझायचे नाव घेत नाही. अशा वेळी आपल्याकडे घराघरांत दोन तऱ्हा दिसतात. एक, "चालतेय ना? मग चालू दे." दुसरी, "गॅरेजला लाव, किती म्हणतील तेवढे देऊन टाकू." पहिलीत गाडीचे नुकसान, दुसरीत खिशाचे! गेली तीन वर्षे आमच्या घरात एक तिसरी तऱ्हा रुळली आहे. तिला लागतो हातातला फोन आणि काडेपेटीएवढे एक यंत्र. तिचा खरा उपयोग कशात आहे आणि कशात नाही, हे घरोघरी ठाऊक असावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी हे सांगायला हवे, की मी काही इंजिनियर नाही. शाळेत शिकवते, दहा वर्षांची पेट्रोल गाडी स्वतः चालवते आणि माहेर साखळीला असल्याने महिन्यातून एकदा तरी चोर्ला घाट चढते-उतरते. जांबोटी, कणकुंबी मागे पडले की पुढचा रस्ता पावसाळ्यात कसा असतो, हे बेळगावकरांना सांगायला नको. तिथे गाडी बंद पडली तर धुके, वळणे आणि रेंज नसलेला फोन एवढेच सोबतीला. त्यामुळे गाडी काय म्हणते आहे ते वेळीच कळणे ही माझ्यासाठी हौस नाही, गरज आहे.

दिवा मुळात धुरासाठी

आपल्या सोयीसाठी हा दिवा बसवलेला नाही, हे वाचून मलाही नवल वाटले होते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात, विशेषतः लॉस एंजेलिस भागात, गाड्यांच्या धुराने हवा इतकी बिघडली होती, की तेथील सरकारने १९८८ पासून नव्या गाड्यांना एक अट घातली: धूर आटोक्यात ठेवणारे भाग नीट चालतात की नाही, यावर गाडीने स्वतःच लक्ष ठेवावे आणि बिघाड झाला तर चालकाला सांगावे. या व्यवस्थेचे नाव ऑन बोर्ड डायग्नोस्टिक्स, म्हणजेच ओबीडी. प्रत्येक कंपनीची जोडणी आणि सांकेतिक भाषा निराळी असल्याने गोंधळ होई, म्हणून १९९६ पासून संपूर्ण अमेरिकेत एकच पद्धत सक्तीची झाली. युरोपात पेट्रोल गाड्यांना ती २००१ पासून लागू झाली. आपल्या देशात बीएस-४ गाड्यांबरोबर २०१० पासून पहिला टप्पा आणि २०१३ पासून दुसरा टप्पा आला. म्हणजे २०१३ नंतरची साधारण कोणतीही पेट्रोल किंवा डिझेल मोटार घरी असेल तर ही सोय तुमच्या गाडीत आहे. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत मात्र ती शोधू नका.

हे मूळ लक्षात ठेवले की पुढचे पुष्कळ गैरसमज टळतात. इंजिनचा कॉम्प्युटर स्वतःला विचारत असतो, "जळण नीट होते आहे ना? धूर मर्यादेत आहे ना?" "कोणता भाग बदलू?" हा प्रश्न त्याला कोणी शिकवलेलाच नाही.

जोडणी

स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या आसपास, सोळा पिनांचे एक सॉकेट असते. वरची बाजू रुंद, खालची अरुंद. त्यात ते छोटे यंत्र बसते आणि गाडीचा निरोप ब्लूटूथ किंवा वायफायने फोनवर पाठवते. कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने त्यासाठी ‘ईएलएम ३२७’ ही चिप बनवली. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, पण चिपच्या नकला जगभर पसरल्या आहेत. बाजारात काही शे रुपयांना मिळणारी बहुतेक यंत्रे त्याच जातीची. काही उत्तम चालतात, काही अर्ध्यावर मुकी होतात. आयफोन असेल तर घेताना नीट विचारून घ्या; साध्या जुन्या ब्लूटूथची यंत्रे त्याला चालत नाहीत, वायफायचे किंवा ‘ब्लूटूथ लो एनर्जी’चे लागते.

यंत्र खोचायचे, किल्ली ‘ऑन’ करायची, फोनची जोडी जुळवायची (पासवर्ड बहुधा १२३४ किंवा ००००) आणि टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखे ॲप उघडायचे. ॲप आधी उतरवून ठेवलेले असले की पुढे इंटरनेट लागत नाही. घाटात रेंज नसली तरी काम होते, ते यामुळेच.

पी०३०२ म्हणजे काय?

दिवा पेटला की कॉम्प्युटर पाच अक्षरांचा कोड नोंदवतो. पहिले अक्षर विभागाचे: ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरचा विभाग. पुढे शून्य असेल तर तो कोड सर्व कंपन्यांना समान, एक असेल तर त्या त्या कंपनीचा खासगी. तिसरी जागा विषय सांगते: एक आणि दोन म्हणजे हवा-इंधन, तीन म्हणजे ठिणगी आणि जळण, चार म्हणजे धूर आटोक्यात ठेवणारी यंत्रणा. शेवटचे दोन आकडे नेमकी तक्रार. तेव्हा पी०३०२ म्हणजे, "दुसऱ्या सिलिंडरमध्ये जळण चुकते आहे." यालाच मिसफायर म्हणतात.

कोडबरोबर आणखी एक मोलाची गोष्ट मिळते. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. दोष पकडला त्या क्षणी गाडीचा वेग, इंजिनचे फेरे, त्यावरचा भार, पाण्याचे तापमान हे सारे आकडे कॉम्प्युटर जपून ठेवतो. पंचनामाच म्हणा ना!

गेल्या वर्षी जुलैत हा पंचनामा आम्हाला उपयोगी पडला. आईला डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी साखळीहून बेळगावला आणत होते. शेजारी माझा मुलगा, मागे आई. केरी सोडून चढ लागला आणि गाडी धक्के देऊ लागली. पिवळा दिवा नुसता पेटला नाही, तो उघडझाप करू लागला. हा फरक वाचकांनी मनात पक्का करावा. दिवा स्थिर असेल तर "लवकर दाखवा", उघडझाप करत असेल तर "आत्ताच जोर कमी करा". कारण न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो तापून निकामी होऊ शकतो. त्याच्या पोटात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात. किंमतही त्याच मानाने!

रुंद जागा पाहून गाडी कडेला घेतली. मुलाने यंत्र खोचले. कोड पी०३०२. फ्रीझ फ्रेममध्ये वेग ताशी ३८ किलोमीटर, फेरे २४००, भार ८० टक्क्यांच्या वर, पाणी ९१ अंश. तापमान पाहून जीव भांड्यात पडला. इंजिन तापलेले नव्हते. पण जोर लावला की दुसरा सिलिंडर साथ सोडतो, हे स्पष्ट होते आणि पुढचा सारा रस्ता जोर लावण्याचाच होता. तेव्हा पुढे न रेटता मागे वळायचे ठरले. उतारावर ॲक्सिलरेटर हलका ठेवताच दिव्याची उघडझाप थांबली. साखळीला भावाच्या दारात गाडी लावली, भाड्याची गाडी केली आणि आई ठरल्या वेळेला दवाखान्यात पोचली. शस्त्रक्रिया चुकली असती तर पुढची तारीख पंधरा दिवसांनी होती. फोनने इंजिन दुरुस्त केले नाही. फक्त चढायचे की वळायचे हे ठरवायला आधार दिला. त्या दिवशी तेवढेच हवे होते.

कोड तोच, बिले दोन

दुसऱ्या दिवशी भावाने गाडी जवळच्या एका गॅरेजात दाखवली. त्यांच्या मोठ्या यंत्रातही तोच कोड आला. यादी मिळाली ती अशी: चारही कॉइल, चारही इंजेक्टर आणि "वेळ पडली तर" इंजिनचा कॉम्प्युटर. अंदाज ३८ हजार रुपये. आई इकडे डोळ्याला पट्टी बांधून पडलेली, गाडी तिकडे, आणि दहा वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च करायचा की ती विकून टाकायची, अशी घरात चर्चा!

मग उद्यमबागेतल्या आमच्या मेस्त्रींना फोन लावला. ते गोकाककडचे. आमचे बोलणे नेहमी निम्मे मराठीत, निम्मे कन्नडात चालते. "एनु बदलस्बेकु री?" असे विचारले, तर ते म्हणाले, "मोदल नोडूण री अक्का, आम्याल बदलसूण." आधी पाहू, मग बदलू. या लेखात सांगण्यासारखे जे आहे, ते या एका वाक्यात आले.

त्यांनी सांगितलेली परीक्षा अगदी साधी होती. आमच्या गाडीत प्रत्येक सिलिंडरच्या प्लगवर स्वतंत्र इग्निशन कॉइल बसते. बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करून ठिणगी पाडणे हे तिचे काम. इंजिन पूर्ण गार असताना, किल्ली काढून, दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावायची. जुना कोड आणि फ्रीझ फ्रेम लिहून घेऊन मगच कोड पुसायचा आणि गाडी थोडी चालवून पुन्हा वाचायचा. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल दोषी. दोष दुसऱ्याच सिलिंडरवर राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लग, त्यानंतर इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन, या क्रमाने पुढे जायचे.

भावाने आणि मुलाने मिळून कॉइलींची अदलाबदल केली. गावातल्याच एका चढावर फेरी मारून आले आणि फोनवर कोड आला पी०३०३. कॉइल जिथे गेली तिथे दोष गेला! मेस्त्रींनी ओळखीच्या टेम्पोवाल्याबरोबर एक कॉइल आणि चार प्लग पाठवले. प्लग जुने होऊन त्यांची फट वाढली की ठिणगी पाडायला कॉइलला अधिक ताण पडतो, म्हणून तेही बदलायचे, हे त्यांचेच सांगणे. सारा खर्च चार हजारांच्या आत. त्यानंतर गाडी अनेकदा घाट चढली आहे.

३८ हजार मागणारे लबाडच होते असे मी म्हणणार नाही. कोड पाहून सगळेच बदलले की गिऱ्हाईक परत तक्रार घेऊन येत नाही, असा तो सोपा हिशेब असतो. पण तो हिशेब आपल्या पैशांतून होतो.

तक्रार करणाऱ्यालाच शिक्षा

दुसरे उदाहरण आमच्या धाकट्या भाऊजींच्या गाडीचे. त्यांच्याकडे कोड आला पी०१७१, म्हणजे "मिश्रण पातळ आहे, हवा जास्त, पेट्रोल कमी". हा निरोप धुराच्या नळीतल्या ऑक्सिजन सेन्सरकडून येतो. त्यामुळे तिघा जणांनी तिघा ठिकाणी एकच सल्ला दिला, की ऑक्सिजन सेन्सर बदला. चोरी झाल्याची वर्दी देणाऱ्यालाच कोठडीत टाकावे, त्यातला हा प्रकार!

इथे कोडपेक्षा चालू आकडे कामाला येतात. पेट्रोल नीट जळायला वजनाने एका भागाला १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण राखण्यासाठी कॉम्प्युटर पेट्रोल सतत थोडे कमी-जास्त करत असतो. किती टक्के, ते फोनवर ‘फ्युएल ट्रिम’ या नावाने दिसते. शून्याच्या आसपास, फार तर दहा टक्के इकडेतिकडे असेल तर ठीक. भाऊजींची गाडी उभी असताना हा आकडा अधिक २२ होता. फेरे २५०० वर नेले की तो ५ वर उतरे.

मेस्त्रींनी एवढ्यावरून माग काढला. या गाडीत आत येणारी हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरच्या लगेच पुढे आहे. त्याच्याही पुढे कुठे नळी फाटली असेल, तर तिथून शिरणारी हवा मोजलीच जात नाही. गाडी उभी असताना इंजिन हवा थोडी घेते आणि आत ओढ जास्त असते, म्हणून त्या चोरट्या हवेचा वाटा मोठा दिसतो. फेरे वाढले की एकूण हवेत तो नगण्य होतो. उलट पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर दमला असता, तर भार वाढला की आकडाही वाढला असता. शोधल्यावर एक रबरी नळी वाकते तिथे चिरलेली सापडली. बदलायला दोनशे रुपये लागले. ऑक्सिजन सेन्सर अजून तोच आहे आणि उत्तम चालतो आहे.

जुनी गाडी घेताना

आपल्या भागात जुन्या गाड्या कुठून कुठून येतात! केए-२२ शेजारी जीए, एमएच-०९, सगळ्याच पाट्या. जुनी गाडी पाहायला जाताना हे यंत्र खिशात असू द्या. दिवा पेटलेला नसणे म्हणजे दोष नसणे नव्हे. गाडी दाखवायच्या आदल्या दिवशी कोड पुसता येतो. पण पुसल्याच्या खुणा राहतात. बऱ्याच गाड्यांत ‘कोड पुसल्यापासून चाललेले किलोमीटर’ अशी नोंद असते. ती पाच-दहा किलोमीटर दाखवत असेल तर मालकाला गोडीने कारण विचारा. शिवाय कोड पुसला की गाडीच्या स्वतःच्या काही तपासण्या ‘अपूर्ण’ दिसू लागतात. काही दिवस चालवल्यावरच त्या पूर्ण होतात. बॅटरी काढली तरी पुष्कळ गाड्यांत असेच होते, तेव्हा एवढ्यावरून कोणाला खोटे ठरवू नका. दोन-चार दिवसांनी पुन्हा जाऊन पाहा, एवढेच.

काही पथ्ये

गाडी चालवणाऱ्याने फोनकडे पाहायचे नाही. ते धोक्याचे आहे आणि फोन हातात धरून चालवणे हा गुन्हाही आहे. शेजारी बसलेल्याने पाहावे किंवा गाडी थांबवून पाहावे.

यंत्र कायम खोचून ठेवू नका. त्या सॉकेटमध्ये बॅटरीचा प्रवाह किल्ली काढल्यावरही चालू असतो. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते.

पाण्याचे तापमान ११० अंशांच्या पुढे चढताना दिसले तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा आणि ते गार होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नका. फोन आकडा सांगेल, वाफेपासून वाचवणार नाही.

आणि या यंत्राला काय कळत नाही तेही ओळखून असा. ब्रेकचे लायनर, टायर, क्लच, तेलाची गळती यांचे कोड येत नाहीत. एबीएस आणि एअरबॅगचे दोष स्वस्त यंत्राला बहुधा वाचता येत नाहीत. त्यांचे दिवे वेगळे असतात आणि ते पेटले तर थेट जाणत्याकडेच जावे. गाडी वॉरंटीत असेल तर कोड वाचा, लिहून घ्या, पण काही खोलू नका.

तिसरी भाषा

आमच्या जाऊबाई धारवाडच्या. सासरी येऊन वीस वर्षे झाली तरी मोटारीबद्दल बोलायची वेळ आली की मराठी शब्द त्यांना सापडत नाहीत आणि गॅरेजात बायकांचे म्हणणे तसेही कोणी पुरते ऐकून घेत नाही. "गाडी कुईकुई करते" म्हटले की समोरचा हसतो. हल्ली त्या कागदावर चार ओळी लिहून नेतात: कोड कोणता, दिवा स्थिर की उघडझाप करणारा, चढावर की सपाटीवर, इंजिन गार की गरम. कोडला मराठीही येत नाही आणि कन्नडही येत नाही. पी०३०२ बेळगावात, धारवाडात आणि पणजीत सारखाच वाचला जातो. तो कागद पाहिला की समोरचा माणूस हसत नाही, कामाचे बोलू लागतो.

मेस्त्रींचे ज्ञान फोनमध्ये आले असे मात्र कोणी समजू नये. दुखते कुठे हे रोग्याने नीट सांगितले, तरी नाडी पाहायला वैद्य लागतोच. फरक इतकाच, की नीट सांगणाऱ्या रोग्याला नको ती औषधे सहसा मिळत नाहीत.

म्हणून एक सुचवते. गाडीच्या कप्प्यात एक साधी वही ठेवा. दिवा पेटला की कोड, तारीख, किलोमीटर आणि फ्रीझ फ्रेमचे चार आकडे तिच्यात लिहा. मराठीत लिहा, कन्नडात लिहा, पण पुसायच्या आधी लिहा. कोड पुसल्याने दिवा विझतो, दोष नाही. आणि "हा भाग बदलावा लागेल" असे कोणी म्हटले, तर ती वही पुढे करून शांतपणे एकच प्रश्न विचारा: "हाच भाग दोषी आहे, हे कसे ताडून पाहिलेत?" चांगल्या मेस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही. तो उत्तर देतो.